हवाई अंतर

केदार म्हणाला, आई, रस्त्याने सहाशे,
वरून जेमतेम पाचशे.
सव्वा तास. डोळे मिटून उघडशील तर पुणं.
मला डोळे मिटायचे नव्हते.
मला भांडायचं होतं, दिगूशी,
आणि भांडण मुरायला लागणारा वेळ
तिकिटावर कुठेच छापलेला नव्हता.

चाळीस वर्षं मी गेले ती रात्रीच्या बसने.
सरवटे स्टँडवरून साडेआठला, खिडकीची जागा,
मांडीवर कचोऱ्यांचा पुडा,
पोटात त्या वर्षीचा राग.
राऊपर्यंत तो नुसता धुमसायचा.
खलघाटच्या पुलावर बायका काच सरकवून
नर्मदेत नाणी टाकायच्या,
मीही टाकायचे, आणि नाण्याबरोबर
एखादं वाक्य जायचं,
सगळ्यात धार असलेलं.
सेंधव्याला चहा. मग बिजासनचा घाट,
वळणावळणाला पोट ढवळायचं,
त्यात कोण कुणावर रागावणार?
पळासनेरनंतर पाट्या बदलायच्या.
‘आगे तीव्र मोड़ है’ सांगणारा रस्ता
‘पुढे धोकादायक वळण’ म्हणू लागायचा,
आणि मीही मनातल्या मनात
‘मी येऊन राहिले’चं ‘मी येते आहे’ करून घ्यायचे,
वहिनी हसू नये म्हणून.
तापी झोपेत जायची.
धुळ्याला जाग आली की आठवावं लागायचं
नेमकं काय बोलला होता तो.
ब्याऐंशी साली आईच्या पेटीवरून.
त्र्याण्णवला माझ्या मराठीवरून.
एकदा तर नुसतं यावरून, की बाबांचं घड्याळ
मिनिटभर पुढे असायचं की मागे.
कोपरगावला गोदावरीवर उजाडायचं.
शिवाजीनगरला उतरेपर्यंत
कचोऱ्या गार, लिबलिबीत,
रागही तसाच.
दोन्ही तव्यावर गरम करून खायचो आम्ही.

या वेळी राग वेगळा.
बायपास झाली त्याची
आणि मला कळलं आठ दिवसांनी,
तेही वहिनीच्या बहिणीकडून,
कुणाच्याशा लग्नाची तारीख सांगता सांगता.
“तू लांब असतेस,” फोनवर म्हणाला, “उगाच धावपळ.”
लांब.

विमान वर गेलं. खाली ढग, की धूर,
काहीतरी पांढरं. तीन नद्या होत्या त्याच्याखाली.
मी मुठीत रुपया धरून बसले,
खिडकी उघडत नाही हे माहीत असून.
शेजारचा मुलगा लॅपटॉपवर आकडे भरत होता.
त्याला विचारलं, नर्मदा गेली का रे?
म्हणाला, काकू, आपण उतरतोय.

लोहगावहून सहकारनगरला मात्र दीड तास लागला.
पण सिग्नलवर राग विझत नाही,
सिग्नलवर तो वाढतो.

दार त्यानेच उघडलं.
सदरा दुसऱ्या कुणाचा असावा तसा,
गळ्याखाली टाक्यांचं वरचं टोक.
मी चप्पलही काढली नव्हती.
चौदा वाक्यं होती. चौदाही बोलले.
एकही नदीत पडलेलं नव्हतं,
एकाचंही क्रियापद दुरुस्त झालेलं नव्हतं.
“लांब म्हणून राहिलास मला? मला?”
जिन्यात सोवनीबाई भाजीची पिशवी घेऊन थबकल्या.
वहिनी पाण्याचा पेला धरून उभीच.

दिगू भिंतीला टेकून ऐकत होता,
छातीशी उशी घट्ट धरून,
कारण हसलं की दुखतं.
मग म्हणाला, “चाळीस वर्षांत
इंदूरहून इतकं गरम काही पोचलं नव्हतं गं.”
आणि माझ्या पिशवीकडे हात केला.
“त्याला तळलेलं बंद आहे,” वहिनी म्हणाली.
पुडा खरंच अजून कोमट होता.

रात्री केदारला फोन केला. पोचले म्हटलं.
परतीचं विमान रद्द कर, बसचं बघ.
का, असं त्याने विचारलं.
म्हटलं, नर्मदेचा एक रुपया
राहिलाय माझ्याकडे.